जोतीरामच्या वहाणा

उंब्रज, माघ १९४४

जोतीराम, बाळा, बापाचा आशीर्वाद घे.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. लढाईवरच्या माणसाला घरचं दुखणं कळवू नये, हे मी पलटणीतच शिकलोय.

तू गेलास तवा मी पालीच्या खंडोबाला नवस बोललो, पोरगं घरी येईतोवर माज्या वहाणा पायात घालणार न्हाई. दोन वर्सं पाळला. पाय निखाऱ्यावर ठेवल्यागत जळायचे. मी म्हणायचो, ऊन लय हाय. मग एक दिवस तुज्या आईला सारवलेल्या भुईवर रगताचे ठसे दिसले. टाचेत बाभळीचा काटा मोडला हुता आन मला पत्ताच न्हाई.

साताऱ्याचा डाक्टर म्हणाला, "मधुमेह आहे. नसा बधिर झाल्यात. अनवाणी फिरलात तर पाय कापावा लागेल."

मी म्हटलं, "कापा. नवस मोडणार न्हाई."

घरी आल्यावर तुज्या आईनं खुंटीवरच्या तुज्या वहाणा काढून माज्या पुढ्यात आपटल्या. "आवं, तुमच्या नका घालू, पोराच्या घाला. देवाला कळतंय समदं."

डाक्टरनं सांगितलंय, घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा. रोज बघतो. खडा घावत न्हाई, तुज्या अंगठ्याचा खड्डा घावतो. पायाला काय कळत न्हाई रं, पर हात तिथनं लवकर निघत न्हाई.

आता तिथं माजा अंगठा बसाय लागलाय. तुजा खड्डा पुसायच्या आत ये.

तुजा बाप,
लालासाहेब