झाकणाला माझा तात्त्विक विरोध

३ मार्च, सोमवार
आजपासून फ्लो सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरच पाणी वाहवून बघायचं. साहेबांनी पाण्याचा व्हॉल्व्ह दिला आहे. त्यातून जाताना पाण्याचा दाब फार पडतो. आतला आकार बदलून ही घट कमी करून दाखवायची. जमलं तर डिझाइन विभागात कायम, नाही जमलं तर ड्रॉइंग छापायच्या खोलीत परत. साहेब हे हसत म्हणाले. मीही हसले. घरातली पहिली पदवीधर प्रिंटरमध्ये कागद भरायला जन्मलेली नाही, हे त्यांना हळूहळू कळेल.
संकल्प : आठवड्यात सॉफ्टवेअर आत्मसात करणे. नंतर जगातली पाण्याची नासाडी थांबवणे.

४ मार्च
शेजारच्या टेबलावरचे सीनियर प्रत्येक वाक्य ‘आधी बेसिक’ असं सुरू करतात. मनातल्या मनात मी त्यांना बेसिकराव म्हणते. आधी साधा पाइप घेऊन सराव कर, म्हणाले. पाइपमधून पाणी कसं जातं ते मी लहानपणापासून बघते आहे. नम्रपणे आभार मानले आणि थेट व्हॉल्व्ह उघडला.
आतल्या पोकळीला हंसाच्या मानेसारखं वळण दिलं. पाण्यालाही बरं वाटेल.

६ मार्च, दुपार
सॉफ्टवेअर अडून बसलंय. म्हणे व्हॉल्व्हची दोन्ही तोंडं झाकणं लावून बंद करा, त्याशिवाय आतला प्रवाह मोजणार नाही. तोंड दाबायचं आणि वर वाहा म्हणायचं, ही कुठली रीत? बेसिकरावांना विचारलं असतं, पण उत्तराचे पहिले दोन शब्द पाठ आहेत. तत्त्व म्हणजे तत्त्व. झाकण लावणार नाही.

७ मार्च
सुटलं. ‘इंटर्नल’ऐवजी ‘एक्स्टर्नल’ निवडलं की झाकणाचा विषयच निघत नाही. लोक उगाच मॅन्युअल वाचत बसतात.

१० मार्च
उत्तर आलं. सुंदर निळ्या-हिरव्या रेषा. दाब जवळजवळ पडतच नाही. वाटेत व्हॉल्व्ह आहे हे पाण्याला कळतसुद्धा नाही.
घरी चित्र दाखवलं. आई म्हणाली, असे पडदे मिळाले तर बघ. आत्याने विचारलं, कॉम्प्युटरमधलं पाणी नळाला कधी येणार. दुर्लक्ष केलं. बाबांनी आपल्या सलूनमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं की लेक डिझाइनला कायम झाली. वस्तरा मानेवर असल्यामुळे कोणी शंका काढली नाही. मीही बाबांना अडवलं नाही. आता फक्त मीटिंगची औपचारिकता राहिली आहे.

१२ मार्च
मीटिंग. साहेब खूश. मी पेटंटविषयी चौकशी करणार, तेवढ्यात बेसिकरावांनी स्क्रीनवरचं मॉडेल मधोमध कापून दाखवायला सांगितलं. दाखवलं. आत एकही रेष नव्हती.
ते शांतपणे म्हणाले, “पाणी व्हॉल्व्हच्या आतून जातच नाहीये. बाहेरून वळसा घालून जातंय.”
मी म्हटलं, पाणी सोपा मार्ग शोधतं, हाच माझा निष्कर्ष आहे.
साहेबांनी चष्मा काढून पुसला. “अगं, नदीत दगड टाकावा तसा व्हॉल्व्ह टाकलास की तू.”
सगळे हसले. बेसिकराव नाही. नंतर त्यांनी समजावलं की झाकण पाणी अडवायला नसतं. आतली जागा कुठे संपते ते सॉफ्टवेअरला त्यावरून कळतं, आणि पाणी इथून शिरेल हेही त्या झाकणावरच सांगायचं असतं. मला माहीत असल्यासारखी मान हलवली.

१३ मार्च
झाकणं लावली. तत्त्वाला मुरड घातली म्हणता येणार नाही. प्रयोग म्हणून लावली.
पाणी पहिल्यांदाच आतून गेलं. म्हणजे माझ्या वळणापर्यंत गेलं आणि तिथेच गोल गोल फिरत बसलं. दाब जुन्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त पडतो. बराच जास्त.

१७ मार्च, संध्याकाळ
छपाईच्या खोलीत रुजू झाले. सोय तात्पुरती आहे. साहेब तसं म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर असावं.
घरी जाताना सलूनपाशी थांबून बाबांना सांगितलं. ते शटर ओढत होते, ते थांबले. “काढलं तर नाही ना?”
म्हटलं, नाही, खोली बदलली.
“मग बस झालं,” म्हणाले आणि शटर खाली ओढलं.
हे तात्पुरतं आहे, असं पुढे सांगणार होते. पण शटरचा आवाज फार होता, आणि तो थांबल्यावर सांगावंसं वाटलं नाही.