यादीत एकच पत्ता

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५
कंपनीला सुट्टी. आनंदनगर एमआयडीसीत आमचा रविवार शुक्रवारी येतो, आणि खऱ्या रविवारी आम्ही कामावर. चिखलोलीच्या घरी बसून डिस्पॅचचा सगळा कारभार क्लाउडवर चढवला. एका सर्व्हरवर प्रोग्राम, दुसऱ्यावर डेटाबेस. सुरक्षेसाठी डेटाबेसला यादी लावली: यादीत ज्याचा पत्ता, त्यालाच आत सोडायचं. तूर्त घरच्या इंटरनेटचा पत्ता टाकला. बाकीचं उद्या. लॅपटॉपवरच्या प्रोग्रामच्या कॉपीतून झकास चाललं.
हाताखालच्या शलाकाच्या नावाचा पासवर्ड तिच्या मॉनिटरला चिकटवायचा, कारण नऊ तारखेला मी रजेवर. किर्तीचा साखरपुडा. बाबा नाहीत, त्यामुळे शेला-नारळ मोठा भाऊ म्हणून मीच घेणार.

शनिवार, १ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
प्रोग्राम हाका मारतोय, डेटाबेस ओ देत नाही. 'कनेक्शन टाइम्ड आउट.' चिठ्ठी छापल्याशिवाय ट्रक गेटबाहेर जात नाही. बाटल्यांची झाकणं भरलेले चार ट्रक उभे. जयदेवशेठना सांगितलं, सिस्टीम नवी आहे, रुळेल.
संध्याकाळी चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. बोटं दुखतायत.

सोमवार, ३ फेब्रुवारी
शलाकानं विचारलं, सर, यादीत प्रोग्रामवाल्या सर्व्हरचा पत्ता टाकलाय ना? तिला लागून सात महिने झालेत. सुरक्षा हा माझा विषय आहे असं सांगितलं. ती परत चिठ्ठ्या लिहायला लागली.
दोष राऊटरचा. उल्हासनगरहून नवा आणला. दुकानदार म्हणत होता, साईं, पुराना अच्छा है, क्यों बदलते हो. माल विकायला तयार नसलेला दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
राऊटर बदलला. वायर बदलली. सर्व्हर सतरा वेळा बंद-चालू केला. टाइम्ड आउट.
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "चिठ्ठी निघायला लागली की तू मोकळा. तोवर रविवारची सुट्टी विसर."
उद्यापर्यंत होईल. नक्की.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळी ११
घरी. सहज लॅपटॉप लावला. चालतंय!
कारण सापडलं. शुक्रवारी मोल्डिंगची मशीनं बंद असतात. म्हणजे त्रास मशीनांचा. डेटाबेस कंपनीत नाही, क्लाउडवर आहे, हे मलाही कळतं. पण अनुभव तो अनुभव.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी १०
मोल्डिंग दहा मिनिटं बंद ठेवायला लावलं. टाइम्ड आउट. शेठ स्वतः जाऊन मशीनं चालू करून आले. ते जास्त लागलं.

दुपारी ३
यादी उघडली. एकच पत्ता. माझ्या घरचा.
एका मिनिटाचं काम. पण आता केलं तर शेठ विचारणार, आठवडाभर काय करत होतास? आणि शलाका काहीच विचारणार नाही, ते त्याहून वाईट.

दुपारी ३.३०
शेठना सांगितलं, दोष क्लाउडवाल्यांचा, मंगळवारी त्यांचा माणूस बघेल. तोवर चिठ्ठ्या मी घरून काढतो, माझ्याकडे खास लाइन आहे. गेटवरून फोनवर ट्रकचा नंबर सांगायचा, मी चिठ्ठी पाठवणार. दहापर्यंत ट्रक संपतील, साखरपुडा अकराला. हॉल बदलापूर गावात, रिक्षानं कितीसं लांब. सगळं बसतंय.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ८
आई, किर्ती आणि बायको सोनिया हॉलवर गेल्या. मी नवा कुर्ता घालून लॅपटॉपसमोर.

९.३०
फोन नाही. ट्रक लेट.

१०.१५
गेटला फोन लावला. उचलत नाहीत. कामात असणार.

१०.४०
लॅपटॉप हॉलवर नेला तर? मोबाइलच्या नेटवर लावून पाहिला. टाइम्ड आउट. अर्थात. यादी मीच लावलेली. या घरातून बाहेर पडलो की मीही बाहेरचा. मोबाइलचा पत्ता टाकायला यादी उघडावी, तर बदलाची नोंद नावानिशी राहते. मंगळवारपर्यंत यादीला हात लावायचा नाही.

११.२०
किर्तीचा फोन. "दादा, पाहुणे थांबलेत. पाच मिनिटं तरी येऊन जा ना." सांगितलं, गेटवर ट्रक अडकलेत, माझ्याशिवाय हलणार नाहीत. ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

दुपारी १
फोन नाही.

संध्याकाळी ५
सगळ्या परत आल्या. शेला-नारळ हरिचंद्रमामांनी घेतला. शलाका आली होती. शेठही आले होते, साडेदहालाच, कारण ट्रक आठ वाजताच निघून गेले होते. शेठनी आईला विचारलं, सुजित कुठाय? आई म्हणाली, "तुमचेच ट्रक सोडतोय की, घरी बसून." मोठ्या अभिमानानं म्हणाली असणार.

५.२०
यादी उघडली. दोन पत्ते. दुसरा प्रोग्रामवाल्या सर्व्हरचा, त्यापुढे नोंद: शलाका, शनिवार, संध्याकाळी ५.५२.

५.४०
किर्तीला खरं काय ते सांगायचं ठरवून आत गेलो. ती ओटीतले तांदूळ डब्यात भरत होती. वर न बघता म्हणाली, "माहितेय दादा. मी फोन केला ना, तेव्हा शलाका माझ्या बाजूलाच उभी होती."
पेढे ओट्यावर ठेवलेत म्हणाली.