पाचव्या जागचा पाच

सर, तुमी जाऊन लई वर्सं झाली, पन आज मला एवढी किळस आलीय की तुमाला सोडून कुनाला सांगावं ते कळंना. शाळा सोडल्यापासून मी जामखेडला फ्रेमच्या दुकानात हाय, देवाचे फोटो काचंत बसवते. आता मालकानं नवीनच काढलंय. देव न्हाई, नुसता सोनेरी आकडा, खाली 'महाभाग्यांक'. कुठंतरी मोबाईलात बघितला म्हनं. सर, तो आपला आकडा हाय.

तुमी तो सहावीत फळ्यावर करून घेतल्ता. शून्य ते नऊ, सगळे एकेकदाच. पयल्या दोन अंकांच्या आकड्याला दोननं भाग जायला पायजे, पयल्या तीनच्याला तीननं, असं पार दहापर्यंत. मी तोंड उघडत नसायची, म्हनून तुमी खडूच हातात दिला. "बोलू नको, लिही." शून्य शेवटाला गेला, पाच पाचव्या जागी बसला, अन सगळ्यांनी मिळून ३८१६५४७२९० पर्यंत आलो. तुमी म्हनला, "असा हा एकच. यात जादू न्हाई, भागाकार हाय. साताला सोपा नियम न्हाई, तेवढं घरी भागून बघ."

दुकानातल्या कागदावर चार अन पाच उलटे छापलेत. पाचव्या जागी चार! मी कसंबसं म्हनले, "शेठ, ह्यो चुकलाय. पाचनं भाग जात न्हाई." ते तंबाखू मळत हसले. "आगं येडे, लोकं पाया पडत्यात. भागाकार कोन करतंय?" एका बाईनं तान्ह्या पोराचं कपाळ त्या काचंला टेकवलं. तेलाचा डाग मी पुसला. 

काल मालकानं आईला तसली एक फ्रेम फुकट दिली, "पोरीच्या हातची हाय." आईनं ती देव्हाऱ्यात ठिवली, हळदकुंकू वाहिलं. भाऊ दहावीला हाय, गनितात कच्चा. त्याला म्हनती, "पुस्तक ऱ्हाऊ दे, आदी हात जोड." त्यानं लगेच पुस्तक मिटलं! मी उठले, फ्रेम खोलली, पेनानं आकडा नीट केला.

"देवावर पेन चालवलास? हात झडतील!"

"देव न्हाई ते, आई. भागून बघ म्हनावं तुज्या पोराला." एवढ्या मोठ्यानं मी घरात कधी बोलले नव्हते.

भाऊ म्हनला, "ताई, तू भागलंस का समदं?"

 साताला मी कधी भागलंच न्हवतं, सर. तुमी म्हनला, तेवढंच मला पुरं हुतं. आईनं मालकाचं आयकलं, मी तुमचं. मालकापरीस मला माझीच घान वाटली.

मग भावाकडं पाठ करून, चुलीपुढं बसून भागलं. ३८१६५४७ भागिले सात. ५४५२२१. बाकी शून्य. तवा कुठं कागद त्याच्या म्होरं सरकवला. त्यानं परत भागून बघितलं, माझ्यावर इश्वास न्हाई ठिवला. बरं केलं.

बाकी उरली असती ना सर, तर मी कागद चुलीत घातला असता, अन त्याला शून्यच सांगितला असता.