निरोगी रक्ताचा रकाना

२ फेब्रुवारी
आले एकदाची! नोकरी लागली, तीही राहण्याजेवणासकट. प्रयोगशाळेचा सगळा वरचा मजला आमचा: उंदरांची खोली, मोजणीची खोली आणि कोपऱ्यात माझी खाट. काम सरळ आहे. आजारी उंदरांच्या शरीरातल्या गाठी वाटून त्यांचा अर्क काढलेला असतो. तो दहा धडधाकट उंदरांना रोज टोचायचा आणि त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजायच्या. अंगात गाठ नाही, नुसता अर्क गेला तरी पेशी घटतात म्हणे. असं का होतं, ते डॉक्टरीणबाईंना शोधायचंय. उंदरांना बाहेरचा संसर्ग लागू नये म्हणून मी एकवीस दिवस बाहेर पडायचं नाही. दार पहारेकरी बाहेरूनच उघडतो.

टिल्ली, माझी चार वर्षांची लेक, ताईकडे आहे. किती दिवस, ते तिला बोटांवर मोजून दाखवलं. हातापायांची मिळून वीसच भरली, एक ताईकडून उसनं घ्यावं लागलं. २२ तारखेला दोघी मला न्यायला येणार आहेत.

४ फेब्रुवारी
इथली पद्धत गमतीची आहे. सकाळी उंदरांच्या आधी आपलंच बोट टोचायचं आणि आपल्या पेशी मोजायच्या. आपला आकडा नेहमीसारखा आला की समजायचं, काच स्वच्छ आहे, डोळे ठीक आहेत, मोजणी बरोबर आहे. वहीतला पहिला रकाना 'निरोगी', तो माझा. आज शेहेचाळीस लाख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं रक्त बघायलाच मिळत नाही. सासूबाईंनीसुद्धा माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

पिंजरे धुणारे काका मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखे गप्प असतात. दोनदा हाक मारली तेव्हा कुठे मान हलवली.

७ फेब्रुवारी
माती खाल्ली. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नसतं, हे आधीच्या नोकरीत मीच नवख्यांना शिकवायचे. आज घाईत लावायला गेले आणि अर्काची सुई अंगठ्यात घुसली. डॉक्टरीणबाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे अंगठा पाहिला आणि म्हणाल्या, एवढ्याशा थेंबाने काही होत नाही, उद्यापासून रोज संध्याकाळी ताकदीचं इंजेक्शन मी स्वतः देत जाईन. जीव भांड्यात पडला.

११ फेब्रुवारी
माझे त्रेचाळीस लाख. स्टुलावर चढले तरी धाप लागते. उंदरांचे कान पांढरे पडलेत. त्यातल्या दोघांचा अर्क बाईंनी मुद्दाम थांबवला होता, ते मात्र सावरतायत. म्हणजे अर्क थांबला की रक्त भरून येतं. मग माझ्या एका थेंबाचं काय घेऊन बसायचं! उगाच घाबरते मी.

१४ फेब्रुवारी
छत्तीस. भिंगाखाली माझ्या पेशींना काटे आलेले दिसले, उंदरांच्या पेशींसारखेच. एका थेंबाने? मला बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊ द्या म्हटलं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, प्रयोग मध्येच मोडता येत नाही. दार बडवलं. पहारेकरी पलीकडून म्हणाला, हुकूम नाही.

१६ फेब्रुवारी
गेल्या वर्षीची वही सापडली. माझ्या आधीच्या मुलीचा 'निरोगी' रकाना: ४४, ४०, ३१, २२. शेवटचे आकडे तिच्या हातचे नाहीत, बाईंच्या हातचे आहेत. खाली रेघ. मला तर सांगितलं होतं की ती लग्न ठरलं म्हणून गेली.

काकांना विचारलं. खाली बघून एवढंच म्हणाले की तीसुद्धा ताकदीचं इंजेक्शन घ्यायची.

१८ फेब्रुवारी
आठ उंदरांचा अर्क सकाळी मीच कुपीतून काढते. काल उंदरांना टोचून झाल्यावर कुपीवर खूण करून ठेवली होती. आज पातळी खुणेच्या खाली. उंदरांना तर काल संध्याकाळी काहीच दिलं नाही. संध्याकाळी फक्त मला —

१९ फेब्रुवारी
नाही म्हटलं. पहारेकऱ्याने खांदे दाबले. काकांनी हात धरला, माझ्याकडे न बघता. सोडा म्हणून विनवलं. तरी सोडला नाही.

२१ फेब्रुवारी
चोवीस. उभं राहवत नाही. भिंत धरून खिडकीपर्यंत जाते. उद्या ताई येईल. ती कुणाला भीक घालत नाही. दार उघडायला लावेल. उद्यापर्यंत फक्त —

२२ फेब्रुवारी
आल्या. खाली उभ्या आहेत. काच बडवली. टिल्लीने हसून हात हलवला. तिला वाटलं मी —

बाई खाली गेल्या. ताईशी बोलत होत्या. ताई हसली. का हसली?

बाई वर आल्या. म्हणाल्या, तुझे आकडे आता 'निरोगी' रकान्यात लिहिता येत नाहीत. ताज्या रक्ताचं कुणीतरी हवं. आईच्याच रक्ताचं असलं तर तुलना छान होईल. ताईला सांगितलंय की पोरीला आत आईजवळ राहू देऊ. ताई खूश झाली म्हणे.

वहीत नवी रेघ मारली. लहान सुई काढून ठेवली —

इतके दिवस म्हणत होते, दार उघडा. देवा, उघडू नको —

कडी वाजली. जिन्यात टिल्ली. मला हाका मारतेय. ओरडते तर आवाज फुटत नाही — ताई, मागे फिर, तिला वर आणू न