बॉब मासळीला तोंड लावत नाही

कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८५३, गुरुवार

आणि सगळ्यांत आधी आली कोण, तर सोनूबाई कोळीण. कुत्रा टांग्यातून उतरतो न उतरतो तोच ही डोक्यावर टोपली घेऊन आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापाशी हजर. मासळी घेऊन आमच्या आळीत कशाला येतेस विचारावं, तर म्हणते समुद्राच्या पुळणीवरून घरी जायला हीच वाट जवळ. तिच्यामागून गोदू, माझी चुलत जाऊ. हिच्या पाठीत उसण भरली होती ना? कुत्रा आला म्हटल्यावर बरी उतरली.

हरेश्वरानं, म्हणजे माझ्या मुलानं, मुंबईहून त्याच्या साहेबाचा कुत्रा आणलाय. नाव बॉब. कान इतके लांब की पाणी पिताना आधी कान भिजतात. अंगावर खरजेचे चट्टे. साहेब न् मड्डम नव्या वर्षात कायमचे विलायतेला चाललेत. कुत्रा तिकडे नेला तर सरकार त्याला सहा महिने कोंडून ठेवतं म्हणे. काय पाप केलंय त्यानं? तेव्हा एक तर पुण्याच्या कुणा मेजराकडे द्यायचा, नाहीतर माझ्याकडे. मार्गशीर्षात मड्डम स्वतः बघायला येणार. कुत्र्याच्या अंगावर तेज दिसलं, खाणं पसंत पडलं, तर बॉब माझा.

माझाच होणार. आल्या आल्या माझ्या पावलांवर डोकं ठेवून झोपला. पायाला मुंग्या आल्या पण हलवला नाही. घरात किती वर्षांनी कोणी घोरतंय.

वही हरेश्वरानं कचेरीतून आणलीय. कुत्र्यानं रोज काय खाल्लं ते लिही म्हणाला. दोन पावसाळे शाळेत गेले तेवढ्यावर लिहितेय. साहेबाला मराठी येत नाही, हरेश्वराला माझं अक्षर लागत नाही. म्हणजे वही माझीच.

कार्तिक वद्य तृतीया, शनिवार

मड्डमनं बिस्किटांचा डबा दिलाय. एका डब्याच्या किमतीत माझं महिन्याचं तांदूळ-तेल येईल. बिस्किट दातानं काय, मुसळानं तुटेना. आत काय असतं विचारलं, तर हरेश्वर खाली बघून म्हणाला, मांसाची पूड. अख्खा डबा माडाच्या आळ्यात पुरला. वर आंघोळ. बिस्किटं नसतील तर रोज उकडलेलं मटण द्या, असंही मड्डमनं सांगितलंय. द्या म्हणे! मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथे मासळीचा वाससुद्धा शिरलेला नाही.

हरेश्वर मुंबईला परत गेला. जाताना म्हणाला, आई, हट्ट करू नकोस. मी कधी हट्ट केलाय?

मी ठरवलं. चांगलं, स्वस्त आणि सोवळं खाणं मीच करणार. नामाला छकडा जोडायला लावला. नामा आमच्या वाडीवरचा जुना गडी. रेवदंड्याला करमअलीच्या दुकानात जाऊन खोबऱ्याची पेंड घेतली. करमअली म्हणाला, आजी, ही तर गुरांची. मी म्हटलं, गुरांना पाय किती? चार. कुत्र्याला? चार. तर म्हणतो कसा, आजी, माज्या टेबलाला पन चार हायेत. दुकानदारानं दुकान बघावं.

तर खाणं असं: नाचणीची भाकरी कुस्करून, कण्यांची पेज, मूठभर पेंड, गुळाचा खडा, वर ताक. ताटली परसात फणसाखाली ठेवायची, दुपारी. ठेवली की मी आत येऊन देवघराकडे तोंड करून पोथी वाचते. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, दृष्ट लागते. आमच्या सासूबाई याबाबतीत फार कडक होत्या. नामालाही बजावलंय, बघायचं नाही.

कार्तिक वद्य पंचमी, सोमवार

ताटली लखलखीत! रोज! घासायचं काम उरत नाही.

आमच्या कपिलेचं वासरूही हल्ली चांगलं गुटगुटीत झालंय. नामाला विचारलं, त्याला काय घालतोस रे? म्हणाला, काय न्हाय. नामाच्या हाताला गुण आहे.

सोनूबाई तणतणत आली. आमच्या वाडीमागे पुळणीवर तिचे बोंबील दोऱ्यांवर वाळत असतात. म्हणते, आजीबाय, तुमचा लांब कानवाला माजं बोंबील ओढून खातो. मी म्हटलं, सोने, तोंड सांभाळ. बॉब मासळीला तोंड लावत नाही. मंग कोन खातं, समुद्र? मी म्हटलं, मांजरं असतील, कावळे असतील. म्हणाली, कावल्याचे कान एवडे लांब मी बगले न्हाय.

बॉब दुपारी पुळणीवर फिरायला जातो ते खरं. येतो तेव्हा नाकाला वाळू असते, तोंडाला जरा वास येतो. समुद्राची हवा. माणसाच्यासुद्धा लुगड्याला तो वास लागतो.

कार्तिक वद्य एकादशी, शनिवार

काय लिहू! अंगावर काटा आलाय.

आज एकादशी, म्हणून बॉबलाही वऱ्याचे तांदूळ न् उकडलेलं रताळं ठेवलं. संध्याकाळपर्यंत ताटली जशीच्या तशी. शिवला नाही. मुंग्या आल्या, पण बॉब नाही. निर्जळी केली त्यानं! मुक्या जनावराला तिथी कळली, आणि गोदूला कळत नाही, सकाळीच विचारायला आली होती की एकादशी आज का उद्या.

घरात सांगायला कोणी नव्हतं. नामा गुरांना टोचायला सरकारी डॉक्टर आलाय म्हणून कपिलेला न् वासराला घेऊन दिवसभर चौलला. मग मीच जाऊन आळीभर सांगून आले. गोदू म्हणाली, अगो, तो उपास नव्हे, बाहेर कुठेतरी पोट भरून आला असेल. मी म्हटलं, भरल्या पोटी उपास करायला जास्त निश्चय लागतो.



मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शुक्रवार

खरूज गेली. साफ. अंग असं चकाकतंय की माडाची सावली त्यात दिसेल. हा पेंडीचा गुण. मुंबईच्या डॉक्टराला वर्षभर जमलं नाही ते नाचणीनं केलं.

माझा विचार पक्का झालाय. बॉब कायमचा इथे राहिला की हे खाणं डब्यात भरून मुंबईला साहेबलोकांना विकायचं. डब्यावर बॉबचं चित्र. माझं नको, विधवा बाईचं चित्र डब्यावर बरं दिसत नाही. हरेश्वर नको म्हणेल. म्हणू दे. त्याचे वडील मी राहाट नवा घेतला तेव्हाही नको म्हणाले होते, आणि नंतर आल्यागेल्याला तोच राहाट दाखवत होते.

सकाळी ओटीच्या पायरीवर, अगदी माझ्या खडावांजवळ, एक सुका बोंबील. कावळ्यानं टाकला. कावळे हल्ली फार निष्काळजी झालेत. चिमट्यानं उचलून गडग्यापलीकडे टाकला, आंघोळ केली. येऊन बघते तर तोच बोंबील पुन्हा पायरीवर, आणि बॉब शेजारी शेपटी हलवत. बिचारा राखण करत बसला होता.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार

आज भांडण झालं. मी सुरू केलं नाही.

गोदू न् मी ओटीवर वाल सोलत होतो. बॉब धावत आला, गळ्यात वाकट्यांची, त्या लांबट सुक्या मासळीची, अख्खी दोरी. नवरदेवासारखा. आणि मागून सोनूबाई ओरडत, बोंबल्या! थांब रं बोंबल्या! आणि हा थांबला. मी बॉब बॉब करते तेव्हा कानही हलवत नाही.

गोदूच्या हातचे वाल सांडले हसताना. मी म्हटलं, सोने, ही दोरी तूच त्याच्या गळ्यात घातलीस. माझ्या कुत्र्याला बाटवायला. ती म्हणाली, व्हय तर! वाकट्या फुकट वाटायला माजं लगीन हाय काय आज?

मग मी बोलून गेले. बोलले तर बोलले. म्हटलं, मड्डमसमोर माझी ताटली ठेवते. बॉबनं खाल्लं नाही तर कुत्रा तुझा, घेऊन जा. सोनूबाई म्हणाली, नेते. मना काय जड हाय? गोदू म्हणाली, मी साक्षीला. हिला कोणी विचारलं होतं?

संध्याकाळी बॉब येऊन पावलांवर डोकं ठेवून पडला. त्याला म्हटलं, घाबरू नकोस, आपण जिंकणार. पाय हलवला नाही.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शनिवार

उद्या येणार. ओटी सारवली. बॉबला न्हाऊ घातलं. बाहेरचं काहीबाही कोणी त्याला चारू नये म्हणून सकाळपासून बांधून ठेवला. ही शिक्षा नव्हे, काळजी. फणसाखालची ताटली ओटीवर आणून समोर ठेवली. तो तिच्याकडे पाठ करून बसला, आणि असा काही रडला की पलीकडच्या आळीतून विचारायला माणसं आली. शेवटी सोडला. वाऱ्यासारखा पुळणीकडे गेला. त्याला हवा लागते.

आत्ता लक्षात आलं, उद्या एकादशी! हीच अडचण. बॉब उपास मोडायचा नाही, आणि लोक भलताच अर्थ काढतील. त्याला समजावलं, पाहुण्यांसाठी एक दिवस चालतं, मी देवाला सांगेन. बहुतेक पटलं त्याला. जांभई दिली.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, रविवार, दिवेलागणीनंतर

साहेब इतका उंच की ओटीच्या तुळईला डोकं आपटलं. मड्डमनं बॉबला उचललं, पोट बघितलं, कान उलटे करून बघितले, दात बघितले, आणि एकच शब्द पुनःपुन्हा म्हणत राहिली. हरेश्वर म्हणाला, सुंदर म्हणतायत. मी म्हटलं, सांग तिला, पेंड.

फणसाखाली ताटली ठेवली. गडग्यापाशी सोनूबाई कमरेवर टोपली घेऊन. गोदू हाताची घडी घालून. आज मीही बघत होते, इलाज नव्हता. बॉब आला. वास घेतला. बसला. माझ्याकडे बघितलं आणि पुढचा पाय माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, हरेश्वर, त्यांना सांग आज एकादशी आहे. हरेश्वर बराच वेळ इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबानं टोपी काढली.

तेवढ्यात गोठ्यातून वासरू आलं. धावत, दावं फरफटत, साहेबाच्या दोन पायांमधून, थेट ताटलीत कानापर्यंत. भाकरी, पेज, पेंड, गूळ, सगळं. शेवटी चाटून अशी लखलखीत केली की ती लखलख माझ्या ओळखीची वाटली.

नामा म्हणाला, ह्ये रोजचंच हाय, आजी. मी म्हटलं, मग मेल्या बोलला का नाहीस? म्हणतो, तुमीच म्हनलात जेवनाऱ्याकडं बगू नये. मी कशाला बगू?

तोवर बॉबचं तोंड सोनूबाईच्या टोपलीत. तिनं हाकसुद्धा मारली नव्हती. आणि आज एकादशी! मड्डमनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मासळीनंच अंग असं झालंय, कुत्रा या बाईकडेच राहू दे.

मी आत जाऊन तांब्या घासत बसले. तो घासलेलाच होता.

बाहेर सोनूबाईचा आवाज. न्हाय बाय, मी न्हाय नेत. दोनदा बांदून बगला. दिवस बुडला की दोरी चावतो आनि आजीबायच्या ओटीवर जाऊन पडतो. मासळी माजी खातो आनि पाय तिचे धरतो. असला जावई मना नको.

मग हरेश्वर आत आला. म्हणाला, आई, मड्डम विचारते, तुझ्याकडे राहिला तर त्याला रोज मासळी मिळेल का? नाहीतर मेजराकडे पाठवते. खाली मान घालून उभा राहिला. त्याला माझं उत्तर माहीत होतं.

माहीत नव्हतं. मी बाहेर आले आणि सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. या घरात मासळी शिरणार नाही म्हणजे नाही. पण माझं घर गडग्यापाशी संपतं. गडग्याला खाली भोक आहे, नामा ते जरा मोठं करील. पलीकडे दुपारी कोण येतं, काय ठेवतं, कोणाचं डोकं त्या भोकातून बाहेर असतं, मला ठाऊक नाही. मी त्या वेळी देवघराकडे तोंड करून पोथी वाचत असते. जेवणाऱ्याकडे बघू नये. तेव्हा माझ्यापुरता बॉब मासळीला तोंड लावत नाही, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

सोनूबाई म्हणाली, रोज ठेवू? मी म्हटलं, रोज. एकादशीला थोडी कमी. गोदू हसली. तिला पुन्हा उसण भरेल.

या सगळ्यात साहेबाचं लक्षच नव्हतं. तो वासराची छाती छत्रीनं मोजत होता. विलायतेत त्याच्या भावाच्या गाई आहेत. म्हणाला, असं वासरू बघितलं नाही, याला काय घालता? मी सांगितलं: नाचणी, कण्या, पेंड, गूळ, ताक. मी बॉबचं खाणं म्हणून सांगितलं. हरेश्वरानं इंग्रजीत काय सांगितलं ते देव जाणे. डब्यावर चित्र कोणाचं घालायचं याचा फेरविचार करावा लागेल.

बॉब पावलांवर डोकं ठेवून घोरतोय. तोंडाला वास येतोय. समुद्राची हवा.

येत्या शनिवारी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, परत येतो म्हणालेत. मड्डम बॉबचा निरोप घ्यायला. साहेब वासरू बघायला.