सेकंदाचा पंधरावा हिस्सा

१० मार्च, मंगळवार

पोचले एकदाची! शेला शहरातून निघालेली बस पाच तास हाडं खिळखिळी करत होती. पण सांता रिताचा उतार लागला, खाली लाल कौलं आणि जाकारांदाची जांभळी झाडं दिसली, आणि मी एकटीच खुदकन हसले. शेजारच्या बाईने विचारलं, नवरा न्यायला येणार वाटतं? म्हटलं, नवरा नाही, नोकरी!

स्टुडिओचे मालक दॉन फिदेलिनो दारातच उभे होते. सत्तरीचे, नीटनेटके, बुटांना पॉलिश. मला कॉफी दिली तेव्हा कप बशीवर टकटक वाजत होता. चाळीस वर्षं या गावाचे चेहरे धरले पोरी, म्हणाले, आता कपही धरता येत नाही. म्हणून तर मला बोलावलंय.

काम असं. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या दर रविवारी येशूची लाकडी पालखी निघते. प्रत्येक खांदेकऱ्याला जांभळ्या झग्यातला, दांडी खांद्यावर असलेला आपला फोटो हवा असतो. शेलात मी पासपोर्टचे फोटो काढायचे. चारही बाजूंनी दिवे, समोर खुर्चीवर ताठ बसलेलं गिऱ्हाईक. इथे उजेड मावळतीचा, माणसं डोलणारी, आणि त्यांच्यापुढे मी उलटी चालणारी. फ्लॅश मारायचा नाही, देवाच्या तोंडावर प्रकाश टाकलेला पालखी मंडळाला चालत नाही.

खोली छान आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. आईला पत्र टाकायचंय की ब्रिहिदा मजेत आहे.

१२ मार्च, गुरुवार

दिवसभर ओसरीवर उलटी चालले, हातात पाण्याने भरलेला वाडगा घेऊन. गुडघे किंचित वाकवायचे, टाच नाही, आधी चवडा टेकायचा. कोपरं बरगड्यांना चिकटवायची. श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवायचा. वाडगा तीनदा सांडला. दॉन फिदेलिनो म्हणाले, ओसरी धुऊन निघाली, आता कामाला येणारी बाई तुला दुवा देईल.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सहाच्या सुमाराला उजेड इतका कमी असतो की शटर सेकंदाचा पंधरावा हिस्सा उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात चालता माणूस पुसला जातो. पण खांदेकरी नुसते चालत नाहीत, डोलतात, डावीकडे, उजवीकडे. झोपाळा टोकाला जाऊन परत फिरण्याआधी क्षणभर लटकतो ना, तसा प्रत्येक माणूस डोलण्याच्या टोकाला थांबतो. तो क्षण पकडायचा. बोलता बोलता ते स्वतःच डोलायला लागले. मीही. दोघं हसलो.

१५ मार्च, रविवार

पहिली पालखी. धूप, ढोल, रस्त्यावर रंगीत भुशाच्या रांगोळ्या. पुढच्या दांडीला सगळ्यात वयस्कर खांदेकरी दॉन सिप्रियानो होते. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, जणू म्हणत होते, घाबरू नकोस. छत्तीस फोटो काढले. पाय दुखताहेत, पण आज झोप छान लागेल.

१७ मार्च, मंगळवार

छत्तिसांतले चार बरे. बाकी सगळे पुसलेले. चेहऱ्यांच्या जागी जांभळा धूर.

बायका फोटो न्यायला आल्या. कुणी ओरडलं नाही, तेच वाईट. एकीने फोटो उलटसुलट करून विचारलं, सेन्यो (इथे बाईंना असंच म्हणतात), यात माझा नवरा कुठला? मागच्या बाया खिदळल्या. बेकरीवाला तिबुर्सियो म्हणाला, मला नाक होतं असं आठवतंय बुवा. मीही हसले आणि आत जाऊन नळ सोडून रडले.  रात्री दॉन फिदेलिनोंनी माझ्या ताटात गुळाच्या पाकातले हरभरे जास्त वाढले. पुढच्या रविवारी एकही फोटो हलता कामा नये.

२२ मार्च, रविवार

अपघात झाला. उताराच्या कोपऱ्यावर, सव्वासहाला. ढोल जोरात होता. कुणीतरी मध्येच ओरडलं, डावी दांडी अडखळली, पालखी वाकडी झाली, आणि दॉन सिप्रियानो खाली. दांडी छातीवर. त्यांची टोपी रांगोळीत पडली. आता लिहवत नाही.

२४ मार्च, मंगळवार

दॉन सिप्रियानो काल पहाटे गेले.

त्यांची बायको, दोन्या चोन (दोन्या म्हणजे बायकांचं दॉन), स्वतः आली. माझे हात हातात घेतले. तिच्या हाताला मक्याच्या तामालेंच्या मसाल्याचा वास होता, मयताला आलेल्यांसाठी रात्रभर रांधत होती. म्हणाली, त्यांचा शेवटचा फोटो तुमच्याकडे आहे म्हणे.

आहे. त्या रोलमधला तेवढाच स्पष्ट. डाव्या दांडीचे आठ जण. पुढे दॉन सिप्रियानो, मिशीचा केस न् केस दिसतो. मागे सहा जण, तितकेच स्पष्ट. फक्त शेवटचा, लिसांद्रो, मेणबत्त्या करणारा, गुडघ्याखाली पुसलेला. त्याचा पाय पुढे पडतोय.

दोन्या चोन फोटो छातीशी धरून म्हणाली, देव तुझं भलं करो, किती जिवंत दिसतात बघ. मी मान हलवली.

२६ मार्च, गुरुवार

मंडळाने मला आणि दॉन फिदेलिनोंना बोलावलं. टेबलावर माझा फोटो. अध्यक्षांनी लिसांद्रोच्या पायावर बोट ठेवलं. म्हणाले, सात जण दगडासारखे ठाम आहेत, आणि हा? हा एकटाच हललेला. यानेच ठेका चुकवला.

लिसांद्रो भिंतीशी उभा होता. यंदा पहिल्यांदाच खांद्याला लागलेला, वारलेल्या बापाच्या जागी. म्हणाला, मी ढोलावरच चालत होतो, पुढचेच थांबले. अध्यक्षांनी त्या सहा जणांना विचारलं, तुम्ही थांबला होतात? तिबुर्सियो टोपी चाचपत म्हणाला, छे, आम्ही कशाला थांबू? बाकीचे पाच खाली बघत होते.

मग मला विचारलं, सेन्यो, फोटोत आहे तसंच झालं ना?

मी म्हणाले, फोटोत आहे तसंच.

लिसांद्रोचा झगा काढून घेतला. त्याने तो नीट घडी करून दिला.

२८ मार्च, शनिवार

आज तो आला होता. दुकानात कुणी नाही असं बघून आत आला. त्याच्याकडच्या मेणबत्त्या आता कुणी घेत नाही, ऐन उपासकाळात. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "सेन्यो, तुम्ही अगदी समोर होतात. माझा पाय चुकला का हो? खरं सांगा. मला रात्रंदिवस तेच दिसतं."

मी म्हणाले, अंधार होता. नीट दिसलं नाही.

तो म्हणाला, बरं. आणि दार हळू लावून गेला.

या वहीत तरी खोटं कशाला? ओरडणारी मी होते. उजेड संपत आला होता, मला मंगळवारचं ते खिदळणं ऐकू येत होतं. मी ओरडले, "हलू नका! एक क्षण!" आणि ते थांबले. कॅमेरा समोर असला की माणसं ऐकतात. सातही जण थांबले, दॉन सिप्रियानो तर किंचित हसलेसुद्धा. लिसांद्रो शेवटी, ढोलाजवळ, त्याला ऐकूच गेलं नाही, पलीकडच्या उजव्या दांडीलाही नाही. डाव्या दांडीत तो एकटा बरोबर चालत होता.

त्या सहा जणांना हे माहीत आहे. देव खांद्यावर असताना फोटोसाठी उभे राहिलो, हे ते कुठल्या तोंडाने सांगणार? रस्त्यात भेटले की ते माझ्याकडे बघत नाहीत. मीही नाही.

३१ मार्च, मंगळवार

बेकरीत विचित्र प्रकार. तिबुर्सियो पाव पिशवीत टाकताना मध्येच थांबला. हात हवेत. मला वाटलं, मला बघून रागावला. पण डोळे उघडे, आणि एक माशी त्याच्या डोळ्यावर बसली. बुबुळावर. पापणी लवली नाही. मी वीसपर्यंत मोजलं. मग एकदम म्हणाला, "आणखी काही?"

माझा पाव तिथेच राहिला.

३ एप्रिल, शुक्रवार

न्हावी इलारियोही. दाढी करताना वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर ठेवून थांबला. गिऱ्हाईक बिचारं पाऊण तास श्वास रोखून पडून होतं, म्हणे. लोक चौकात हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. फोटोत इलारियो तिसरा आहे.

७ एप्रिल, मंगळवार

सहाच्या सहा. तिबुर्सियो काल दुपारपासून हललेला नाही. शहरातून डॉक्टर आला, थकवा म्हणाला, टॉनिक लिहून दिलं. ते गिळायचं कुणी?

म्हातारी दोन्या तोमासा धसका उतरवते. तिला आणलं. तिबुर्सियोच्या छातीला कान लावून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, हा इथे नाहीच, हा अजून उताराच्या कोपऱ्यावर उभा आहे. कुणीतरी यांना तिथे थांबवलं आणि परत चाला म्हटलं नाही. ज्याने थांबवलं त्याने तिथे उभं राहून मोठ्याने सांगायचं. ज्याच्यावर खापर फोडलं त्याच्या तोंडावर.

बायका एकमेकींना विचारत होत्या, कोण? कोण असेल? मी त्यांच्यातच उभी होते. माझ्या बुटांकडे बघत.

तिबुर्सियोची बायको त्याच्या ओठांना ओला कपडा लावत होती. जसं बाळाला.

१० एप्रिल, शुक्रवार

दोन्या चोनसाठी दॉन फिदेलिनो फोटो मोठा करत होते. मला डार्करूममध्ये हाक मारली. लाल दिव्यात ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, पंधराव्या हिश्शात एखादा माणूस स्थिर मिळतो. दोन, नशीब असेल तर. सात नाही. ही माणसं डोलत नव्हती."

मी चिमट्याने ट्रेमधला कागद हलवत राहिले.

ते म्हणाले, मी मंडळाच्या टेबलावर हा फोटो पाहिला तेव्हाच ओळखलं. मीही गप्प बसलो. दुकानाचं नाव जाईल म्हणून. म्हातारपणी लाज वाटायची गंमत बघ. उद्या दोघं जाऊ.

मी म्हणाले, उद्या.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी म्हणाले, चल. मी म्हणाले, डोकं दुखतंय, सोमवारी नक्की.  त्यांनी टोपी परत खुंटीला अडकवली.

१३ एप्रिल, सोमवार

डार्करूममध्ये — दॉन फिदेलिनो. ट्रेवर वाकलेले. औषधातला फोटोचा कागद काळा ठिक्कर पडलेला, म्हणजे रात्रीपासून —

मी हाका मारल्या. हलवलं. त्यांचे हात. त्यांचे हात थरथरत नव्हते. अगदी स्थिर. मी आले त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

खुर्चीवर बसवता आलं नाही. तसेच उभे आहेत. दार लोटून घेतलंय.

१४ एप्रिल, मंगळवार

किटली उचलली आणि — पुढचं आठवत नाही. भान आलं तेव्हा किटली कोरडी, विस्तव विझलेला. दुपार टळलेली. तळहात भाजलाय. दुखलं कसं नाही?

कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. दोन्या चोनने तिथे फुलं ठेवलीत. ती मला बघून हसली. तिच्यासमोर कसं —

उद्या. उद्या नक्की.

नाही. हे असंच म्हणत आले.

१५ एप्रिल, बुधवार, दुपार

पाय उठत नाहीत. सकाळपासून टेबलाशीच. मान वळत नाही. उजवा हात तेवढा चालतोय.

दार वाजलं. लिसांद्रो.

बाहेरूनच बोलतोय. चारच्या बसने चाललोय म्हणतो, परत यायचं नाही. आई मावशीकडे जाईल. म्हणतो, "सेन्यो, आत आहात ना? मी भांडायला नाही आलो. जाता जाता एकदा विचारतो. माझा पाय चुकला होता का?"

आवाज फुटत नाही. ओठही —

थांब. थांब, लिहिते. पान फाडून दाराखालून सरकवेन. तीन पावलं फक्त.

तो म्हणतोय, बरं, राहू दे. देव तुमचं भलं करो.

बॅग उचलली. पायरी उतरला —

लिसांद्रो तुझा पाय चुकला नव्हता. तू बरोबर चालत होतास. त्यांना मी थांबवलं, मी, ब्रि