गोळी सुटली तेव्हा ते माझ्यावर ओरडत होते

कोलंबो, मंगळवार

प्रिय अक्का,

तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, दोन्ही वेळ भात जेवतो. अम्मा-तात्ता बरे आहेत ना? तात्तांचा गुडघा कसा आहे? सभेत मंत्र्यांवर कुणीतरी गोळी झाडली आणि नेम चुकला, त्या प्रकरणाचा शोध पेपरने माझ्याकडे दिलाय. अम्माला एवढंच सांग.

पुढचं फक्त तुला. गोळी झाडली म्हणून दुलांजलीच्या वडिलांना पकडलंय. पण तेव्हा ते घरी होते, माझ्यासमोर! तुम्हाला न विचारता मी विड्याच्या पानांची जुडी घेऊन तिला मागणी घालायला गेलो होतो. "कॉलेज अर्धवट सोडलंस, आणि एकटाच आलास? आईबाप नाहीत तुला?" ते ओरडत असतानाच सभेकडून गोळीचा आवाज आला.

सगळी गल्ली त्या सभेला गेलेली. दुसरा साक्षीदार मिळेना, आणि मुलीच्या प्रेमापोटी बोलतोय म्हणून पोलीस माझं खरं मानेनात. संपादक म्हणाले, "पोरा, बातमीदार तू, साक्षीदार तू, जावईही तूच. कसं छापू?" मी कागद भिरकावले, मग खाली बसून गोळा केले.

दुलांजली म्हणाली, "पोलिसांना सांग, माझ्यावर तुझं प्रेम नाही. मग ऐकतील."

काल तेही सांगितलं, अक्का. फौजदार म्हणाला, "मग रडतोस कशाला?"

तुझाच धाकटा,
इसुरु